दहा सह्या

नृसिंह मोजणी खात्यात नकाशे काढायचा. शेताच्या बांधाची रेघ तो निबने अशी ओढायचा, की वरचे साहेब कागद उजेडात धरून बघत राहायचे. एरवी माणूस घुमा. कचेरीत दिवसाकाठी वीस वाक्यंही बोलत नसेल. पण नाकेवाल्यांचा विषय निघाला, की त्याला थांबवणं अवघड.

नाकेवाले म्हणजे पुण्याच्या कॅम्पातला बँड. खरं नाव ‘द टोलगेट्स’. एकसष्ट साली जकात नाक्याशेजारच्या एका गॅरेजात चार पोरांनी तो सुरू केला, म्हणून ते नाव. नगरच्या मंडळींनी त्याचं नाकेवाले करून टाकलं. आधी क्लबात नाचाची गाणी वाजवायचे. मग वर्षं गेली, त्यांच्याबरोबरचे बँड फुटले, पोरं नोकऱ्यांना लागली, पण हे टिकले आणि त्यांचं वाजवणंही बदलत गेलं. इंग्लंडात ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायला लागले होते, तसलं लांबलचक, वळणं घेत जाणारं काहीतरी ते स्वतःचं रचून वाजवू लागले. एकेक रचना वीस-वीस मिनिटांची. बँडचा म्होरक्या ऑर्गन वाजवायचा, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. पण नृसिंहाचा जीव होता तो बेस गिटार वाजवणाऱ्या गहिनीनाथवर.

गहिनीनाथ अकोले तालुक्यातला, राजूरच्या अलीकडच्या एका गावचा. घरी भाताची खाचरं. कॉलेजसाठी पुण्याला आला आणि त्रेसष्ट साली नाकेवाल्यांत शिरला. ‘प्रवरा’ नावाची बावीस मिनिटांची रचना त्याची. त्यात पहिली चार मिनिटं दुसरं कोणी काही वाजवायचं नाही. नुसती बेस गिटार. डोंगरातून पाणी झिरपावं तसा एकेक सूर खालून यायचा आणि त्याचा प्रवाह व्हायला लागला, की मग बाकीचे त्यात उतरायचे.

नृसिंह पासष्ट साली सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी पुण्यात होता. एका संध्याकाळी कॅम्पातून पायी येताना एका हॉलच्या खिडकीतून त्याला ते सूर ऐकू आले आणि तो फुटपाथवर थांबला तो थांबलाच. कार्यक्रम संपल्यावर गिटार खांद्याला अडकवून एक सावळा, उंच माणूस बाहेर आला. त्याने विचारलं, “कुणाची वाट बघतोय?” नृसिंह म्हणाला, “तुमचीच.” गहिनीनाथ हसला. नगरचा आहे म्हटल्यावर म्हणाला, “मग आपल्याच जिल्ह्यातला की रे तू.” त्या दिवसापासून नृसिंह त्याला भाऊ म्हणायला लागला.

पुढे नगरला नाकेवाल्यांचं वेड त्यानेच पसरवलं. एकातून दुसरा असं करत अकरा जणांचं मंडळ जमलं. सावेडीला सुमंतचा नवा बंगला होता, त्याच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी बैठक असायची. सुमंत वकिलांचा मुलगा, नृसिंहाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता, काकांनी बाहेरून आणलेला मोठा अ‍ॅम्प्लिफायर होता. लग्नाला लाऊडस्पीकर लावणारा छगन मंडळात होता. मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या प्रेमलाताई होत्या. आणि महिन्यातून एका रविवारी खुद्द गहिनीनाथ पुण्याहून पहिल्या एसटीने यायचा. त्याला विचारलं, की तुम्ही एवढे मोठे, आमच्याकडे कशाला धडपडत येता, तर म्हणायचा, “पुण्यात लोक बघायला येत्यात. तुमी ऐकता.”

त्या रविवारी तो वाजवायचा आणि वाजवून झालं की सुमंतला शिकवायचा. सुमंतने बेस गिटार घेतली होती. हात हुशार होता त्याचा. गहिनीनाथ त्याची बोटं धरून तारेवर ठेवायचा, चुकलं की पुन्हा, पुन्हा. दोन वर्षं हे चाललं. नृसिंह कोपऱ्यात बसून बघायचा. आपल्याला वाजवता येत नाही याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. आपल्यामुळे हे दोघं एकत्र आले, एवढ्यावर तो खूश होता.

बहात्तरच्या दसऱ्याला ठरलं, की नाकेवाल्यांना नगरला आणायचं. पाऊस पडला नव्हता, जिल्हाभर खडी फोडायची कामं सुरू होती. कॅप्टनने कळवलं, कार्यक्रम दुष्काळासाठी करू, फेब्रुवारीत येतो. लष्करी छावणीतलं एक सिनेमागृह रविवारी सकाळी मिळालं. सगळी बोलणी सुमंतने केली. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, पुण्याला त्याच्या चकरा व्हायच्या.

नृसिंहाच्या मनात वेगळंच होतं. त्याने ठरवलं, की मंडळातल्या प्रत्येकाने नाकेवाल्यांची आणि गहिनीनाथची एक आठवण लिहायची, आपण ती सुवाच्य अक्षरात एका वहीत उतरवायची आणि कार्यक्रमाच्या दिवशी भाऊंच्या हातात द्यायची. तो एकेकाच्या मागे लागला. छगनने सांगितलं आणि नृसिंहाने लिहून घेतलं, की एकदा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला तर गहिनीनाथ अंगातला चांगला शर्ट काढून जमिनीवर पालथा पडला आणि आतली तार धरून राहिला, छगनचं कथलाचा डाग देऊन ती जोडणं होईपर्यंत. प्रेमलाताईंनी स्वतः लिहून आणलं. त्यांना नवव्या वर्षी विषमज्वर झाला होता, तेव्हापासून डाव्या कानाने काहीच नाही आणि उजव्याने थोडंसं. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या बोलायच्या. त्यांनी लिहिलं होतं: ‘गाणं म्हणजे लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं ते, असं मी समजत होते. पुण्याला मावसबहिणीने ओढून नेलं. लाकडी बाकावर बसले होते. एकदम बाक बोलायला लागलं. तळव्यातून वर, कोपरापर्यंत. कोण वाजवतंय म्हणून बघितलं, तर कडेला एक मनुष्य डोळे मिटून उभा होता.’

नृसिंहाने ते पान तीनदा लिहिलं, अक्षर मनासारखं येईपर्यंत.

वहीच्या शेवटी सगळ्यांच्या सह्यांचा एक स्वतंत्र कागद लावायचा होता. वर दोन ओळी अर्पणाच्या लिहायच्या, पण काय लिहावं ते नृसिंहाला सुचत नव्हतं. म्हणून वरचा भाग कोरा ठेवून त्याने आधी खाली सह्या घेतल्या. पहिली स्वतःची. दिवाळीनंतरच्या रविवारी दहा झाल्या.

“मी शेवटी करतो,” सुमंत म्हणाला. “आण इकडे. वरचा मजकूर टाइप करून घेऊ. इंग्रजीत केला तर कॅप्टनलाही वाचता येईल.”

पुढच्या आठवड्यात सुमंतने सांगितलं, की कागदावर शाई सांडली, नवा करू. नृसिंहाने दुसऱ्या कागदावर पुन्हा सह्या गोळा केल्या. या वेळी सुमंतनेही केली.

डिसेंबरात गहिनीनाथ आला नाही. जानेवारीतही नाही. सुमंत म्हणाला, “मुंबईला रेकॉर्डिंग चाललंय त्यांचं. त्याला आता पत्रंबित्रं टाकू नका, डोकं शांत राहू दे.” नृसिंहाने एक पोस्टकार्ड लिहायला घेतलं होतं. ते त्याने तसंच ठेवून दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठलाच सिनेमागृह भरलं. कॉलेजची पोरं, छावणीतले जवान, पुण्याहून आलेले काही जुने चाहते. नृसिंह दुसऱ्या रांगेत, मांडीवर खादीच्या पिशवीत वही. शेजारी प्रेमलाताई. सुमंत आत असणार, व्यवस्था बघत, असं सगळ्यांनी धरलं होतं.

पडदा सरकला. ऑर्गनमागे कॅप्टन, ढोलांमागे एक चष्मेवाला, मधे गाणारा. आणि कडेला, गहिनीनाथच्या जागी, गहिनीनाथची तपकिरी गिटार गळ्यात अडकवून सुमंत उभा होता.

नृसिंहाला आधी वाटलं, गिटार लावून बघतोय. भाऊ येतील आता आतून. मग कॅप्टन माइकपाशी आला. इंग्रजीत म्हणाला, की आमचा जुना सोबती घरच्या कारणाने गावी परत गेला आहे, आणि नगरच्या आमच्या प्रेमळ मित्रांनीच आम्हाला नवा वादक दिला आहे, तुमच्याच शहरातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या गावचा पोरगा म्हटल्यावर मागची पोरं बाकांवर उभी राहिली.

तिसरी रचना ‘प्रवरा’ होती. सुमंतने सुरुवात केली. सूर सगळे बरोबर होते. पण चार मिनिटांचं ते पाणी त्याने मिनिटभरातच आटपलं, आणि ढोल दणाणला. प्रेमलाताईंचा तळवा खुर्चीच्या लाकडी हातावर होता. त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला.

“हे ते नाही,” त्या म्हणाल्या. त्यांना आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नसे. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर नृसिंह मागच्या दाराने आत गेला. सुमंत टॉवेलने मान पुसत होता. नृसिंहाला बघून त्याने हात पुढे केला. नृसिंहाने तो घेतला नाही.

“भाऊ कुठे आहेत?”

“गावी. सांगितलं ना कॅप्टनने.”

“कधीपासून?”

“डिसेंबर.”

“तू म्हणालास रेकॉर्डिंग चाललंय.”

“अरे, तुला सांगितलं असतं तर तू मला इथे उभं राहू दिलं असतंस का?” सुमंत अगदी समजुतीच्या सुरात बोलत होता. “त्याला स्वतःलाच कंटाळा आला होता. आई म्हातारी, शेती बघायला कोणी नाही. जागा रिकामी झाली, मी उभा राहिलो. दुसरं कोण वाजवणार होतं? तू?”

नृसिंह पिशवी काखेत धरून बाहेर पडला. कंटाळा आला होता हे खरंही असेल, असं त्याला घरी जाताना वाटत राहिलं. पण मग गिटार का सोडून गेले? आणि निरोप न घेता?

पुढच्या रविवारी तो वही घेऊन पहाटेच्या संगमनेर गाडीत बसला. संगमनेरहून अकोले, अकोल्याहून जीप, आणि शेवटचे दोन मैल पायी. रस्त्याकडेला बायकांच्या हातातल्या हातोड्या खडीवर पडत होत्या. विचारत विचारत तो घरापाशी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ओसरीवर गहिनीनाथची आई, मनकर्णाबाई, वरईचे दाणे पाखडत बसली होती.

“कुठलं तुमी?”

“नगरहून आलो. गहिनीभाऊंना भेटायचंय.”

तिचं सूप थांबलं. तिने त्याला वर-खाली बघून घेतलं. “नगरचं व्हय,” ती म्हणाली. “आनखी काय ऱ्हायलंय का?”

तिने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. खाचराकडे बोट दाखवलं.

गहिनीनाथ बांधाचे दगड लावत होता. धोतर खोचलेलं, हात मातीने भरलेले. नृसिंहाला बघून तो उठला नाही. हातातला दगड नीट बसवला, वरून थोपटला, मग म्हणाला, “ये नरसू.”

“भाऊ, तुम्ही न सांगता निघून आलात.”

गहिनीनाथने हातांवरची माती झटकली. “तुमी सांगितलं म्हनून आलो.”

“आम्ही?”

तो उठून घराकडे चालू लागला. नृसिंह मागोमाग. घरात जाऊन त्याने एका डब्यातून घडी घातलेला कागद आणला आणि ओसरीवर त्याच्यासमोर ठेवला. टाइप केलेलं इंग्रजी पत्र होतं, कॅप्टनला लिहिलेलं. नगरच्या चाहत्यांना आता तेच तेच रटाळ बेस ऐकून वीट आला आहे. गहिनीनाथ यांचं वाजवणं जुनं झालं आहे. तरुणांना वेग हवा. आमच्यातच एक तयार वादक आहे. त्याला घेतलं तर अ‍ॅम्प्लिफायरची सोय होईल. गहिनीनाथच येणार असतील तर नगरच्या कार्यक्रमाची जबाबदारी आम्हाला घेता येणार नाही. खाली दहा सह्या. पहिली नृसिंहाची. नकाशाच्या कोपऱ्यात करतो तशी, खाली बारीक दुहेरी रेघ मारलेली. तिसरी प्रेमलाताईंची. छगनची मोडकी, मराठीत. सुमंतची तेवढी नव्हती.

नृसिंहाने पत्र दोनदा वाचलं.

“सही तुझीच ना?” गहिनीनाथने विचारलं.

“माझीच.”

“आन् बाकीच्या?”

“त्याही खऱ्या. पण भाऊ, कागद कोरा होता. या वहीसाठी घेतला होता. तुम्हाला द्यायची होती. सुमंतने नेला आणि म्हणाला शाई सांडली.” त्याने पिशवीतून वही काढून पुढे केली. “ही बघा. हे सगळ्यांनी लिहिलंय. शेवटी दुसरा कागद आहे सह्यांचा.”

गहिनीनाथने हात धुतले, पुसले, वही घेतली. पहिली पानं उलटली. प्रेमलाताईंच्या पानावर थांबला. सावकाश वाचलं. मग वही मिटून शेजारी ठेवली.

“कॅप्टननं बोलावून पत्र हातात दिलं,” तो म्हणाला. “म्हनला, तुझ्याच जिल्ह्याची मानसं हायेत, माझं काय न्हाई. त्याला तसं पन छोटी गानी पायजे हुती. गिटार बँडची, ती ठिवून आलो. पन खोली सोडली न्हाई लगीच. बारा दिवस ऱ्हायलो पुन्यात. मला वाटलं, दहातला येक तरी येईल. येक तरी कार्ड टाकंल, का भाऊ, हे आमी लिवलं न्हाई. निदान लिवलं म्हनून तरी.”

“मला माहीतच नव्हतं.”

“दोन महिने मी आलो न्हाई. तुला काय वाटलं?”

लिहायला घेतलेलं ते कार्ड अजून नृसिंहाच्या टेबलाच्या खणात होतं. ते सांगावं असं त्याला वाटलं, पण सांगून काय होणार होतं?

“सुमंत म्हणाला, रेकॉर्डिंग चाललंय,” तो शेवटी म्हणाला.

“सुमंत म्हनला,” गहिनीनाथने मान हलवली. “त्याची बोटं मी धरली हुती रे. धाकटा भाऊ असता, तर त्याला बी येवढं शिकिवलं नसतं.”

मनकर्णाबाई दाराशी येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं सगळं. तिने दोघांना ताटं वाढली. निघताना नृसिंहाने पत्र मागितलं. गहिनीनाथने ते दिलं. वही त्याने ठेवून घेतली की नुसती परत द्यायची राहिली, ते नृसिंहाला कळलं नाही.

नगरला पोचल्यावर त्याने मंडळाला बोलावलं, या वेळी स्वतःच्या घरी. पत्र हातोहात फिरलं. छगनला इंग्रजी येत नव्हतं. नृसिंहाने मराठीत सांगितलं तसा तो आपल्याच सहीवर अंगठा घासत राहिला, जणू पुसली जाईल.

संध्याकाळी तिघं सावेडीला गेले. नृसिंह, छगन आणि प्रेमलाताई. सुमंत बॅग भरत होता. नाकेवाल्यांचा पुढचा दौरा बेळगाव, हुबळी असा होता. नृसिंहाने पत्र टेबलावर ठेवलं. सुमंतने ते उचलून बघितलंही नाही.

“दिलं होय त्याने,” तो एवढंच म्हणाला.

“आमच्या सह्या होत्या त्या,” छगन म्हणाला. “मानसावर जीव हुता म्हनून केल्या.”

“मला ठाऊक आहे. म्हणून तर चालल्या.” सुमंत खाली बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा उतरला. “नृसिंह, माझ्या हातात आहे रे ते वाजवणं. वडिलांच्या ऑफिसात मी आयुष्यभर दस्त वाचत बसायचं? गहिनीनाथ आणखी दहा वर्षं वाजवणार होता. मी कधी वाजवणार? एकच संधी होती.”

“त्यांना सांगायचंस ना,” नृसिंह म्हणाला. “त्यांनी दिली असती तुला जागा. एखाद्या रचनेत उभं केलं असतं शेजारी. त्यांचा स्वभाव तुला माहीत होता.”

सुमंत बॅगेचा पट्टा आवळायला लागला. प्रेमलाताई इतका वेळ त्याच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांनी छगनला विचारलं, “शेवटी काय म्हणाला हा?”

“काहीच नाही म्हणाला,” छगनने हळू, ओठ हलवून सांगितलं.

दहा जणांनी कॅप्टनला खरं पत्र लिहिलं. नृसिंहाने मजकूर सगळ्यांना वाचून दाखवला, मग सह्या झाल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कॅप्टनला वाईट वाटलं होतं, असं त्यात होतं. पण दौरे ठरले होते, नवा वादक बसला होता, आणि ‘प्रवरा’ लहान केल्यापासून लोकांना जास्त आवडत होती. गहिनीनाथला त्याने शुभेच्छा कळवल्या होत्या.

रविवारच्या बैठका बंद झाल्या. कोणी ठरवून बंद केल्या नाहीत. खोली सुमंतची होती, रेकॉर्ड प्लेअर सुमंतचा, आणि दुसरीकडे जमायचं तर ऐकायचं काय? ज्या रेकॉर्डवर गहिनीनाथ होता ती एकच छोटी तबकडी नृसिंहाकडे होती. ती कुणाकडे नेऊन लावावी असं त्याला वाटेना. ते सूर आठवले, की त्याला ऑर्गनमागे कॅप्टन दिसायचा.

त्याने गहिनीनाथला पत्रं लिहिली. आधी माफीची, मग कॅप्टनच्या उत्तराची, मग पुण्यातल्या दुसऱ्या एका बँडला बेस वाजवणारा हवाय अशी. एकाचंही उत्तर आलं नाही. जूनमध्ये पाऊस बरा झाला, अकोल्याकडे लावण्या सुरू झाल्याचं कचेरीत कोणी बोललं. जुलैत एक कार्ड आलं. नृसिंहाने ते कचेरीच्या पायऱ्यांवर उभं राहून वाचलं.

‘नरसू, तू खरं बोललास हे मला त्याच दिवशी कळलं. राग नाही. छगनला आणि त्या बाईंना नमस्कार सांग. वही आईने ट्रंकेत ठेवली आहे. पण पत्रं पाठवू नकोस आणि येऊही नकोस. तुझं अक्षर पाकिटावर दिसलं, की मला ते बारा दिवस आठवतात. शेतात गेल्यावर सगळं विसरायला होतं. तुझा, गहिनीनाथ.’

संध्याकाळी प्रेमलाताई शाळेतून परतताना भेटल्या. नमस्कार सांगायचा म्हणून त्याने कार्डच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि परत केलं.

“बरोबर आहे त्यांचं,” त्या म्हणाल्या.

“हो,” नृसिंह म्हणाला. त्या अजून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याने कार्ड खिशात ठेवलं, आणि थोड्या वेळाने त्याही आपल्या वाटेने निघाल्या.